मला भूक लागली, मी भाकरी खाल्ली

भाषा शिकवणारी पुस्तकं बहुधा अशाच एखाद्या साध्या वाक्यापासून सुरू होतात. आमच्या सोलापुरातल्या घरात हेच वाक्य असं होतं : 'मेरेकू भूक लगी, मैं रोटी खाया.' उर्दूचे जाणकार हे ऐकून नाक मुरडतात. त्यांच्या मते 'मैंने रोटी खाई' हवं. आणि आमच्यातलं एखादं पोर शाळेत 'मी भाकरी खाल्लो' म्हणालं की सगळा वर्ग हसतो. दोन्हीकडून शेरा एकच : तुमची भाषा अशुद्ध.

हे वाक्य जरा नीट उघडून बघू या.

पहिला भाग, 'मला भूक लागली'. इथं भूक ही कर्ता आहे, आणि ज्याला ती लागते तो 'मला' होऊन बाजूला उभा असतो. दखनीत तो 'मेरेकू', कन्नडमध्ये 'ननगे', तेलुगूमध्ये 'नाकु'. शहरातल्या चारही भाषा इथं एकाच वाटेनं जातात. एवढंच नाही, दूर आइसलँडमध्ये थंडी वाजली की माणूस म्हणतो, 'म्येर एर काल्त', म्हणजे शब्दशः 'मला थंड आहे'. तिथंही 'मी' नाही, 'मला'च. त्या भाषेत आपल्या मराठीसारखी तीन लिंगंही आहेत आणि पाणी तिथंही नपुंसकलिंगीच.

आता दुसरा भाग. मराठीत 'मी भाकरी खाल्ली' म्हणताना क्रियापद भाकरीच्या मागं जातं. आंबा असेल तर खाल्ला, केळं असेल तर खाल्लं. दखनीत ते खाणाऱ्याच्या मागं जातं. म्हणून माझे अब्बा म्हणायचे 'मैं रोटी खाया' आणि अम्मी 'मैं रोटी खाई'. 'ने' इथं लागत नाही. कन्नडमध्ये 'नानु रोट्टि तिंदे', तेलुगूत 'नेनु रोट्टे तिन्नानु'. तिथंही क्रियापद खाणाऱ्याचंच ऐकतं. म्हणजे 'मी भाकरी खाल्लो' म्हणणारं पोर नियम मोडत नाही, ते घरचा नियम शाळेत घेऊन आलेलं असतं. आणि गंमत अशी की मराठीला हा नियम परका नाही. 'मी चहा प्यायलो', 'मी मराठी शिकलो', 'मी ते विसरले' हे आपण रोज म्हणतो. पिणे, शिकणे, विसरणे यांना जी सवलत आहे ती खाणेला नाही, एवढाच फरक.

शाळेत प्रमाण मराठी शिकवायलाच हवी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण 'हे चूक' म्हणून हसणं आणि 'घरी असं म्हणतो, पुस्तकात असं लिहितो' असं सांगणं, यात एका मुलाच्या बोलण्याचा प्रश्न असतो. हसू ऐकलेलं मूल पुढं हात वर करत नाही. मग मोठेपणी लोक म्हणतात, मुस्लिमांना मराठी येत नाही. ज्याला येते त्याला कौतुकानं ऐकवलं जातं, 'तुम्ही मुसलमान वाटत नाही हो!' मला हे किती वेळा ऐकावं लागलं ते मी मोजलेलं नाही.

पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन 1990 साली याच सोलापुरात भरलं. त्यामागे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारखी माणसं होती. आम्ही मराठीत पाहुणे नाही, हे त्यातून ठणकावून सांगितलं गेलं. ते दखनीकडे बघूनही कळतं. आमचं 'नको' मराठीतलं. 'आजच', 'मैंच' यातला जोर देणारा 'च'ही मराठीतलाच. शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणावी तसे शब्द आणता येतात, पण 'च'सारखं अक्षर पिढ्यान्‌पिढ्या एका अंगणात राहिल्याशिवाय जिभेवर बसत नाही.

म्हणून शिक्षकांना एवढीच विनंती. पुढच्या वेळी कुणी 'मी भाकरी खाल्लो' म्हणालं, तर त्याला आधी विचारा, घरी कसं म्हणता? फळ्यावर दोन्ही वाक्यं लिहा. व्याकरणाचा तो तास सगळ्याच मुलांच्या लक्षात राहील.