रिकामी वाळू

माझ्या बैठकीच्या खोलीत सहा वर्षं एक छायाचित्र टांगलेलं होतं. झांबेझी नदी ओलांडणारे पाच हत्ती, वर उचललेल्या सोंडा, दोन मोठ्यांच्या मध्ये एक पिल्लू. कॅमेरा जवळजवळ पाण्याला टेकलेला. ‘इतक्या खालून कसं मिळालं?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत आले, ‘बोटीतून.’ ते खोटं होतं.

2018च्या ऑक्टोबरात मी तिथे गेले, तीच चुकीचा हिशेब मनात धरून. पाऊस सरला की धबधबे भरलेले असतात, हा आपल्या सह्याद्रीचा अनुभव. झांबेझीच्या वरच्या खोऱ्यात पाऊस सुरू होतो तो नोव्हेंबरच्या आसपास. वाटेतलं बारोत्सेचं सखल मैदान ते पाणी अंगावर पसरून घेतं आणि सावकाश पुढे सोडतं. म्हणून व्हिक्टोरिया धबधब्याला खरा भर येतो एप्रिलच्या सुमाराला. 1,708 मीटर रुंद, 108 मीटर उंच, स्थानिक भाषेत ‘मोसी-ओआ-तुन्या’, म्हणजे गर्जणारा धूर. झांबियाच्या बाजूने मला दिसला तो जवळजवळ कोरडा कडा. मी अर्ध्या तासात पाठ फिरवली आणि वहीत लिहिलं, ‘काही नाही.’

समोर काळा बेसॉल्ट उघडा पडला होता. आपल्या कातळाच्याच जातीचा, पण सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातल्या भेगा कोरत हा धबधबा मागे मागे सरकत आला आणि खाली नागमोडी घळींची रांग सोडत गेला. पाण्याच्या दिवसांत हा सगळा कडा तुषारांनी झाकलेला असतो. तो उघडा पाहण्याचे दिवस मला मिळाले होते आणि मी ते नाकारले.

तिथून लोअर झांबेझीला गेले. इथे नदी पसरट होते, बेटांमधून वाट काढते. पलीकडच्या काठावर झिंबाब्वेचं माना पूल्स. शोना भाषेत ‘माना’ म्हणजे चार, तिथल्या चार डोहांवरून पडलेलं नाव. उन्हाळ्यात बाकी बरीच झाडं निष्पर्ण असतात, पण काठावरची ॲना नावाची बाभळीसारखी झाडं हिरवी असतात आणि त्यांच्या पिकल्या शेंगांसाठी हत्ती खाली ताटकळतात. मातीच्या दरडींमध्ये किरमिजी वेड्या राघूंची बिळं, हजारोंनी.

पहिल्या संध्याकाळी तंबूजवळ नदीकडे उतरणारी एक गुळगुळीत वाट दिसली. माणसांच्या येण्याजाण्याने झाली असेल असं समजून सूर्यास्त पाहायला मी तिथेच बसले. आमच्या वाटाड्याने येऊन मला हात धरून उठवलं, बाजूला नेलं. थोड्याच वेळात एक पाणघोडी त्याच वाटेने वर आली, मागे तिचं पिल्लू. दिवसभर पाण्यात राहणारे पाणघोडे अंधार पडताना चरायला निघतात, ठरलेल्या वाटांनी. ‘मॅडम, इथे रिकामं काही नसतं,’ तो म्हणाला. मी मान डोलावली. ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी हत्ती पाण्यात उतरताना दिसले. समोर वाळूची लांब पुळण होती, स्वच्छ, मोकळी. तिथून पाण्यालगतचा कोन मिळाला असता. मी उतरायचं म्हटलं. तो नको म्हणाला. मी पुन्हा म्हटलं. मग मी बक्षिशीचा आकडा बोलले. तो क्षणभर नदीकडे पाहत राहिला आणि त्याने बोट लावली.

मी वाळूत आडवी झाले. डोक्यावरून पक्षी ओरडत फिरत होते. मला त्यांचा अडथळा वाटत होता, ते फ्रेममध्ये येत होते. हत्ती पलीकडे पोचले, मी उठले, तेव्हा तो बोटीतून हलक्या आवाजात म्हणाला, ‘हलू नका. पायाशी बघा.’

वाळूत एक उथळ खळगा. त्यात दोन अंडी, वाळूच्याच रंगाची, तपकिरी ठिपक्यांची. माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर. पलीकडे आणखी खळगे. पाणचिऱ्यांची वसाहत होती ती. आल्या पावलांवर पाय ठेवत मी मागे फिरले.

आम्ही बोट दूर नेऊन थांबलो. थोड्या वेळाने एक पाणचिरा पाण्यावर उतरला, पोट भिजवून उडाला आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर जाऊन बसला. त्या उन्हात अंडी उबवण्याइतकंच ती थंड ठेवणं हे आईबापांचं काम असतं. मी लोळत होते तेवढा वेळ ती सगळी अंडी तापल्या वाळूत उघडी होती. एकेक पक्षी परतला. माझ्या बुटाजवळच्या खळग्यावर, आम्ही होतो तोवर, कोणी आलं नाही.

अज्ञानाची सबब मला नाही. आपल्या चंबळवरचे पाणचिरे मी पाहिले आहेत, तेही पुळणींवरच अंडी घालतात हे मला ठाऊक होतं. तिथे मी बोटीतून पाय खाली ठेवला नव्हता. इथे समोर हत्ती होते, एवढाच फरक. परत येताना वाटाड्याने सांगितलं, की 1959 साली वर करिबाचं धरण झाल्यापासून नदीचा गाळ जलाशयातच अडकतो, नवी वाळू पूर्वीसारखी येत नाही. मी त्याला बक्षीस दिलं. ते घेताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. नको म्हणण्याचा त्याचा अधिकार मी विकत घेतला होता. जागेला माझ्यापेक्षा जास्त ओळखणारा माणूस मी पैशाने गप्प केला, याची लाज मला अंड्यांइतकीच आहे.

हे आज लिहायचं कारण माझी भाची. तिने नुकताच कॅमेरा घेतलाय. छायाचित्रासमोर उभी राहून म्हणाली, ‘मावशी, मलाही असंच काढायचंय. बोटीतून जमेल ना?’ जमणार नाही. ते तिच्या लक्षात येईल आणि मग तीही कुठल्यातरी रिकाम्या वाळूवर उतरेल.

मी भिंतीवरून ते छायाचित्र काढलं आणि तिला कॉम्प्युटरवर मूळ फ्रेम दाखवली. उजव्या कोपऱ्यात, धूसर, नारिंगी चोच उघडून एक पक्षी सरळ माझ्यावर झेपावत येतोय. छापून घेताना मी त्याला कापून टाकलं होतं.