सोमवारी अजिंठा नाही, मंगळवारी वेरूळ नाही

रविवार, रात्री. छत्रपती संभाजीनगर
बस पाऊण तास उशिरा. रिक्षावाल्याने दोनशे मागितले, १२० वर आला. चहा-पाणी ६०. जेवण दोघांचं ३४०, वरण पातळ. लॉजवर गरम पाणी सातपर्यंतच, हे पैसे भरल्यावर कळलं. सुट्टे कुणाकडेच नाहीत. मावशीचा गुडघा सुजलाय. झोपतो.

सोमवार. वेरूळ
अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. त्यामुळे आज वेरूळ. तिकीट माणशी ४०. खिडकीवर सुट्टे नाहीत.

लेणी एकूण ३४. दक्षिणेकडची पहिली १२ बौद्धांची, मग २९ पर्यंत हिंदू, शेवटची पाच जैन. सहलीच्या बसगाड्या आल्या आल्या कैलासवर, म्हणजे सोळा नंबरवर, तुटून पडतात. सकाळी तिथे जाण्यात काही अर्थ नाही. त्याचं तोंड पश्चिमेला, ऊन दुपारनंतर समोरून येतं. आम्ही आधी दहा नंबरात गेलो. ‘सुतार की झोपडी’ म्हणतात ते हेच. छताला दगडातच कोरलेल्या फासळ्या आहेत, लाकडी वाशांसारख्या.

तीननंतर कैलास. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, आठव्या शतकातलं काम. डोंगर वरून खाली खोदत आणलेला. हे पटवून घ्यायचं तर बाजूच्या वाटेने वर चढावं. कडेच्या कातळावर छिन्नीचे ओरखडे अजून दिसतात, आणि मंडपाच्या छतावरचे सिंह खालून कधीच दिसले नसते. मावशी खालीच थांबली, दक्षिणेच्या बाजूला, रावण कैलास हलवतोय त्या शिल्पापुढे. मी उतरलो तेव्हा तिचा निकाल तयार होता. “पार्वतीने नवऱ्याचा दंड धरलाय, ते ठीक. पण ही दासी बघ. मालकिणीला टाकून आधी पळाली!” पुस्तकांत या शिल्पाविषयी पानंच्या पानं आहेत, पण आज मला त्या दासीची पाठ तेवढी दिसत राहिली.

घृष्णेश्वर जवळच. पुरुषांनी गाभाऱ्यात उघड्या अंगानेच जायचं. रांग मोठी, मी बाहेर.

मंगळवार. अजिंठा
साडेसहाला निघालो. अंतर शंभर किलोमीटर. आपली गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवायची आणि पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने. परतीची शेवटची बस कधी, हे उतरल्यावर लगेच विचारून घ्यावं. पुन्हा तिकीट ४०, पुन्हा सुट्ट्यांची बोंब.

पायऱ्या बघून मावशी डोलीकडे वळली. चौघे उचलतात. तिने दर पाडायला सुरुवात केली तसा पुढचा म्हणाला, “आजी, बसा. उतरताना बोलू.” ती बसली. उतरताना ती काही बोलली नाही, मागितले तेवढे दिले. वर जाताना त्याने तिला शिकवलेलं मी इथे लिहून ठेवतो, कारण एकाही पाटीवर ते नव्हतं : बूट घालून येऊ नका, चित्रांच्या लेण्यांत दरवेळी काढायला लागतात. आधी शेवटच्या २६ नंबरला जा आणि उलटे या, म्हणजे गर्दी समोरून येते, मागून ढकलत नाही. आणि एक नंबरात शिरल्यावर थांबा.

थांबलो. पहिली दोन मिनिटं नुसता काळोख. राखणदार कुणाला तरी फ्लॅशवरून दटावत होता. मग डाव्या हाताला पद्मपाणीची भुवई वर आली, मग मुकुट, मग हातातलं कमळ. आमच्यामागून आलेला घोळका तेवढ्यात एक चक्कर मारून बाहेरही पडला होता. त्यातला एकजण म्हणाला, “आत काहीच नाही.”

दहा नंबरात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ मध्ये खांबावर खरवडलेलं नाव डोक्याच्याही वर आहे. तेव्हा आत राडारोड्याचा ढीग होता, त्यावर तो उभा होता. चित्रावर नाव कोरणाऱ्यांची परंपरा जुनी आहे तर. २६ मध्ये महापरिनिर्वाणाचा बुद्ध, सुमारे सात मीटर लांब. खाली शिष्य रडताहेत, वर देवलोकात आनंद चाललाय. मावशी तिथे बराच वेळ बसली. काय बघत होतीस, असं विचारलं नाही.

बुधवार. दौलताबाद
अंधारी चढलो. वटवाघळांचा वास, पायऱ्या अडनिड. आत शिरलेला शत्रू इथे वाट चुकावा हीच योजना. टॉर्च हवाच. चिनी महाल, मेंढा तोफ. बारादरीपर्यंत पोचलो, त्यापुढे जीव नव्हता. मावशी भारतमाता मंदिरात खांबांच्या सावलीत. रस्त्याकडेला सीताफळं, चार घेतली, दोन कच्ची.

गुरुवार. शहरातच
सकाळी मकबरा. रोज उठून उन्हात दगड बघायचा मला कंटाळा आलाय, त्यामुळे जास्त लिहीत नाही. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची कबर. संगमरवर थोडाच, बाकी चुना. ताजशी तुलना करत फिरणाऱ्यांनी नुसत्या बागेत बसावं.

दुपारी पाणचक्की. पाणी लांबून मातीच्या नळांतून आणून उंचावरून सोडलेलं, त्यावर जातं फिरायचं.

रात्री नान खलिया. तुघलकाच्या फौजेबरोबर हा पदार्थ इथे आला असं सांगतात. नान हळदीने पिवळे, तंदूरमधून काढून ताटलीत येईपर्यंत हाताला चटके देणारे. खलियाचा रस्सा मटणाचा, वर तेलाचा लाल तवंग. आणि आज गुरुवार. मावशीने कोरडा नान मोडला, माझ्या वाटीकडे बघितलं, पुन्हा नान मोडला. मी तिसरा नान मागवला तेव्हा म्हणाली, “अरे, लोणारची गाडी परवाची कर. उद्या शुक्रवार आहे.”