गाळे दिसले, मैदान दिसलं नाही

महापालिकेतल्या नोकरीत टिपण्या बऱ्याच लिहिल्या. त्यातली शहराच्या स्टेडियमच्या नूतनीकरणाची मला अजून छळते. मसुदा माझा, सहीही माझीच.

पैशाचं गणित सोपं होतं. थोडा निधी जिल्हा नियोजन समितीचा, थोडा महापालिकेचा, उरलेलं काम बीओटीवर, म्हणजे 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या तत्त्वावर. विकासकानं प्रेक्षागॅलरी नव्यानं बांधायची, फ्लडलाइट बसवायचे. बदल्यात गॅलरीखालचे रस्त्याकडचे गाळे ३० वर्षं त्याच्याकडे. 'महापालिकेवर जादा बोजा नाही' हे वाक्य मी अधोरेखित केलं होतं. स्थायी समितीत त्याचं कौतुक झालं, तेव्हा मला गुदगुल्या झाल्या.

खासगी पैशाची धास्तीही होती. २०१२ मध्ये गहुंज्याच्या क्रिकेट स्टेडियमला एका उद्योगसमूहाचं नाव मिळालं होतं. पैसे थकले आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्र क्रिकेट संघटनेनं ते नाव काढलं. ते कात्रण मी फायलीला लावलं आणि सगळा जोर बँक हमीवर दिला. हमी चोख घेतली. विकासक बुडाला नाही, पळाला नाही. करारात होतं ते त्यानं केलं. नव्हतं ते का करावं?

करारात काय नव्हतं, ते मला पाठ आहे. आणखी दोन गाळे बसले तर प्रकल्प परवडेल, असं म्हणत विकासकाचा माणूस नकाशा घेऊन आला. मी पेन्सिल उचलली, मुलींची कपडे बदलायची खोली आणि शेजारचं स्वच्छतागृह खोडलं. समासात लिहिलं, 'पुढील टप्प्यात प्रस्तावित'. सरकारी कागदावरचा पुढचा टप्पा कधी येतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

दिव्यांची देखभाल 'उभयपक्षी ठरवावी' असं कलम घातलं. गाळ्यांपोटी विकासकाकडून येणारं भाडं महापालिकेच्या सर्वसाधारण निधीत जाणार होतं. त्यातला काही वाटा स्टेडियमसाठी राखून स्वतंत्र लेखाशीर्ष मागावं, हे सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं. पण तेवढ्यासाठी फाईल पुन्हा लेखा विभागात गेली असती, आणि मला उद्घाटनाची तारीख गाठायची होती.

उद्घाटनाला दिवे झगमगले. त्यानंतर वीजबिल कोणी भरायचं, यावरचा पत्रव्यवहार तेवढा उजेडात राहिला. शालेय खो-खो स्पर्धेला मी पाहुणा म्हणून गेलो, तेव्हा गॅलरीच्या जिन्याखाली दोन मुली चादर ताणून उभ्या होत्या. आत तिसरी कपडे बदलत होती. त्यांच्या बाईंनी मला विचारलं, "साहेब, मुलींचं बाथरूम कुठंय?" मी मोबाईलच्या दुकानाकडे पाहिलं आणि काहीच बोललो नाही.

खासगी पैशातून मैदान सुधारतं, हे मी आजही मानतो. फक्त कोणी असा प्रस्ताव दाखवायला आणला की किती कोटी येणार ते मी शेवटी वाचतो. दहाव्या वर्षीचं वीजबिल कोण भरणार, ते आधी शोधतो. बहुतेक प्रस्तावांत ते पान नसतं.