टेप विकायची नाही

१९८०च्या दशकाच्या शेवटी मास्टर्स करायला कॅलिफोर्नियात गेलो, तोवर ‘ग्रेटफुल डेड’ हे नाव मी ऐकलं नव्हतं. पुण्यातल्या आमच्या कंपूत रॉक म्हणजे पिंक फ्लॉइड, डीप पर्पल आणि लेड झेपेलिन. लॅबमध्ये शेजारच्या टेबलावर बसणारा मुलगा मात्र दिवसभर एकच बँड लावायचा, आणि त्याच्या एकाही कॅसेटवर कंपनीचं छापील वेष्टन नसायचं. सगळ्या मॅक्सेलच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटी. आतल्या कागदावर बारीक अक्षरात तारीख, गाव, हॉल, गाण्यांचा क्रम, आणि खाली रेकॉर्डिंग कुठल्या माइकनं केलं, ही कितवी कॉपी आहे, हेही. मी एक ऐकायला मागितली, तर दुसऱ्या दिवशी त्यानं दोन शोच्या कॉपी हातात ठेवल्या. किती द्यायचे म्हणून विचारलं, तेव्हा तो जरा दुखावलाच. म्हणाला, कोऱ्या कॅसेटी तेवढ्या परत आणून दे, आणि उद्या तुझ्याकडे कुणी मागितलं तर त्यालाही अशीच करून दे. विकायची मात्र नाही, कधीच नाही.

त्या जगात हा एकच नियम खरा कडक होता.

एका बँडच्या शेकडो कॅसेटी कशाला हव्यात, असं मला सुरुवातीला वाटायचं. कारण त्यांच्या वाजवण्यात आहे. १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात जमलेल्या या मंडळींनी तीस वर्षांत सुमारे २,३०० शो केले, आणि आज काय वाजवायचं याची ठरलेली यादी नसायची. एकाच गाण्याची लांबी एका रात्री आठ मिनिटं, तर दुसऱ्या रात्री पंचवीस. गाणं कुठं मोडायचं, त्यातून दुसऱ्या गाण्यात कसं शिरायचं, हे मंचावर एकमेकांचं ऐकत ठरे. बैठकीत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. काल ऐकलेला यमन आणि आजचा यमन एक नसतो. मग दोन्ही हवेत, एवढंच.

कॅसेटींची देवघेव माझ्या आधी पंधरा-वीस वर्षं सुरू झाली होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्ककडच्या पोरांनी टेप बदलून घेण्यासाठी मंडळं काढली. त्यातूनच १९७४ साली ‘रेलिक्स’ हे नियतकालिक निघालं. लपवून आत नेलेले रेकॉर्डर हळूहळू उघड्यावर आले. बँडनं कधी मनापासून अडवलं नाही. बँडचा गिटारवादक जेरी गार्सिया याचं मत असं होतं की आपलं वाजवून झालं की पुढे ते ऐकणाऱ्यांचं. पण माइकच्या उंच स्टँडची गर्दी इतकी वाढली की मागच्यांना मंच दिसेना. तेव्हा १९८४च्या ऑक्टोबरात बर्कली कम्युनिटी थिएटरमध्ये बँडनं साउंडबोर्डच्या, म्हणजे आवाज मिसळायच्या टेबलाच्या, मागे ‘टेपर्स’साठी, म्हणजे रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी, खास जागा आखून दिली. त्या भागाचं तिकीट वेगळं, पोस्टानं मागवायचं. आपल्या मैफलीचं रेकॉर्डिंग करायला लोकांना रीतसर जागा देणारा इतका मोठा दुसरा बँड तेव्हा नव्हता.

मी पहिल्यांदा त्या जागेत उभा राहिलो ते ओकलंडच्या कोलिझियम अरीनात. माझ्याकडे माइक नव्हते, सोनीचा जुना घेतलेला टीसी-डी५एम तेवढा होता. दोन जाड्या सेलांवर चालणारं ते यंत्र आजही माझ्याकडे आहे आणि चालतं. चांगले माइक म्हणजे शॉप्स किंवा नॉयमान, आणि ते विद्यार्थ्याच्या ऐपतीबाहेरचे. पण तिथं ती अडचण येतच नाही. ज्याच्याकडे चांगले माइक असतील, त्याच्या डेकच्या आउटपुटला दुसरा आपली वायर लावतो, दुसऱ्याच्या डेकला तिसरा. एका जोडी माइकवर अशी सात-आठ यंत्रं लागलेली मी पाहिली आहेत. अनोळखी माणूस वायर पुढे करायचा आणि नुसतं म्हणायचा, जागा आहे का? असली तर नाही म्हणणारा मला भेटला नाही.

दिवे मालवले की त्या भागात बोलणं बंद. टाळ्यासुद्धा हात वर करून, माइकपासून लांब. सगळ्यांचे डोळे लेव्हलच्या काट्यावर. काटा लाल रेघेपार गेला तर आवाज फाटणार, खूप खाली ठेवला तर पुढे खरखर वर येणार. खरी कसोटी कॅसेट उलटायची. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, आणि दुसरा सेट बहुधा त्याच्या दुप्पट. चाळिसावं मिनिट उलटलं की टेपर्स एकमेकांकडे बघू लागत. गाणं संपतंय की दुसऱ्यात शिरतंय? आत्ता उलटावी की थांबावं? दोघा ड्रमरांची जुगलबंदी सुरू झाली की बहुतेकांची बोटं एकदम बटनांवर जात, कारण तिथं दोन-चार सेकंद गेले तरी गाणं तुटत नाही. शेजाऱ्यानं मुद्दाम दहा मिनिटं आधी किंवा नंतर उलटायची, असंही ठरे. म्हणजे एकाची फट दुसऱ्याच्या टेपनं भरून काढता येई. १९९०च्या आसपास डॅट ही डिजिटल टेप आली, एकाच टेपवर दोन तास बसू लागले, आणि ही सगळी धांदल संपली.

घरी कॉपी करणं हे वेगळंच व्रत. अॅनलॉग कॅसेटची कॉपी केली की खरखर वाढते आणि वरचे स्वर बोथट होतात. पाचव्या-सहाव्या कॉपीत झांजेचा आवाज म्हणजे नुसता फुसफुसाट. म्हणून ही कितवी कॉपी, हे लिहिणं सक्तीचं. यावर उपाय म्हणून टेपचं ‘झाड’ लावत. मूळ टेपवाला पाच जणांना करून देणार, ते पाच प्रत्येकी पाच जणांना, ते पंचवीस पुन्हा पाच-पाच जणांना. तिसऱ्या पायरीला सव्वाशे कॉपी होतात आणि कुणाचीच तिसऱ्या पिढीपेक्षा खालची नसते. मी दोन डेक समोरासमोर ठेवून रात्री हे काम करायचो. आधी हेड अल्कोहोलनं पुसायची, डॉल्बी बंद, मग पूर्ण नव्वद मिनिटं, जशी मैफल झाली त्याच गतीनं. दुप्पट वेगानं कॉपी करणं आम्ही कमीपणाचं मानायचो. शेवटी कॅसेटच्या वरच्या दोन कान्या तोडायच्या, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. पोस्टात प्लॅस्टिकच्या डब्या फुटतात, म्हणून नुसती कॅसेट आणि घडी केलेला कागद पाठवायचा. नवख्या माणसाकडे बदल्यात द्यायला काही नसलं, तर कोऱ्या कॅसेटी आणि परतीचं टपाल एवढ्यावर काम व्हायचं. ओहायोतल्या, ओरेगॉनमधल्या कितीतरी माणसांची अक्षरं मी ओळखायचो, चेहरे कधी पाहिले नाहीत.

या लोकांच्या जपणुकीचं मोल कळायला एक गोष्ट पुरेशी आहे. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेला शो बेटी कँटर-जॅक्सन या बँडच्या रेकॉर्डिस्ट बाईंनी उत्तम टिपला होता. पुढे त्यांच्या टेप्स ज्या गोदामात होत्या त्याचं भाडं थकलं आणि १९८६ साली त्या लिलावात गेल्या. ज्यांच्या हाती लागल्या त्यांच्याकडून त्या फिरत फिरत चाहत्यांमध्ये पोचल्या, आणि बँडनं अधिकृतपणे काढायच्या कितीतरी आधी हजारो घरांत वाजू लागल्या. २०११च्या यादीत लायब्ररी ऑफ काँग्रेसनं त्या शोचा समावेश राष्ट्रीय ठेव्यात केला. अधिकृत अल्बम निघाला तो थेट २०१७ साली. कॉपी करणारे नसते, तर त्या रात्रीचं नाव कुणाला ठाऊक असतं?

पुण्याला सुटीवर आलो तेव्हा काकांना डेडच्या एका शोची टेप ऐकवली. काकांनी साठ-सत्तरच्या दशकांत कलाकारांच्या परवानगीनं घरगुती बैठकी स्पूलवर टिपल्या होत्या. डेक आणि माइक या विषयावर आमचं चांगलं जमायचं. गिटारचा भाग त्यांनी शांतपणे ऐकला. ड्रम्स आले तेव्हा म्हणाले, “हे पुन्हा लाव. हे दोघं एकमेकांना ऐकतायत.” त्यातला मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँकडे शिकला, १९७६ साली झाकिर हुसेनबरोबर त्यानं ‘दिगा’ हा अल्बम केला, हे सांगितल्यावर ते उठून खुर्चीच सरकवून बसले.

नंतर मी त्यांना एकाच शोची दोन रेकॉर्डिंग्ज ऐकवली, एक साउंडबोर्डवरून थेट घेतलेलं, एक लोकांमधून माइकनं. मला वाटलं, स्वच्छ म्हणून ते पहिलं पसंत करतील. ते म्हणाले, “पहिल्यात वाजवणारे आहेत, दुसऱ्यात मैफल आहे. आमच्या टेपांवरची दाद कुणी कापली असती तर मी बोललोच नसतो त्याच्याशी.” माझंही मत तेच झालं आणि अजून तेच आहे. साउंडबोर्डच्या टेपवर प्रत्येक वाद्य कोरडं, जवळ, वेगळं ऐकू येतं. पण ओळखीच्या गाण्याची पहिली चाहूल लागताच दहा-पंधरा हजार माणसांचा जो हुंकार उठतो, आणि तो ऐकून वाजवणाऱ्यांचा हात जो सुटतो, ते फक्त लोकांमधल्या माइकवर येतं.

काकांशी माझं एका बाबतीत पटलं नाही. आपल्याकडे संग्राहकांमध्ये टेप कुलपात ठेवायची पद्धत होती. तू तुझी अमुक मैफल दे, तरच माझी तमुक देतो. काका म्हणायचे, कलाकारानं विश्वासानं गाऊ दिलं, ते गावभर वाटायला नव्हे. या म्हणण्यात वजन आहे, मी ते नाकारत नाही. डेडनं स्वतः होकार दिला होता, आपल्या कित्येक गायकांनी तो दिलेला नव्हता. पण पुण्याच्या दमट पावसाळ्यात कुलपातल्या टेपवर बुरशी चढते, आणि संग्राहक गेला की घरच्यांना त्या रिळांचं काय करावं कळत नाही. एकुलत्या एक प्रतीचं असंच होतं.

गार्सिया ९ ऑगस्ट १९९५ रोजी गेला. त्याच जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या शोरलाइन अॅम्फिथिएटरला मी रेकॉर्डिंग केलं होतं. त्या कॅसेटी कितीतरी दिवस ऐकवल्या नाहीत. पण नव्या पोरांचं मागणं थांबलं नाही, उलट वाढलं. इंटरनेटवरून पूर्ण दर्ज्याच्या फाइली फिरू लागल्या, आणि पिढीगणिक वाढणाऱ्या खरखरीचा प्रश्नच उरला नाही. इंटरनेट आर्काइव्हवर हजारो शो जमले. २००५च्या नोव्हेंबरात बँडच्या बाजूनं ते एकाएकी काढायला लावले, तेव्हा चाहते इतके खवळले की काही दिवसांत लोकांमधली रेकॉर्डिंग्ज पुन्हा उतरवून घेण्यासाठी खुली झाली. साउंडबोर्डवरची मात्र तिथंच ऐकायची, असं ठरलं. मला ती विभागणी रास्त वाटते. लोकांनी टिपलेलं लोकांकडे राहिलं.

सध्या इतरांच्या जुन्या कॅसेटी संगणकावर चढवून देतो. सर्वांत वेळ खातो तो वेग. शोच्या शेवटी सेल उतरायचे, रेकॉर्डर हळू फिरायचा, आणि आता नीट डेकवर लावलं की सूर चढलेला लागतो. लहानपणी पेटीवर बसल्याचा इथं उपयोग होतो. बारीक बारीक टक्क्यांनी खाली आणत गेलं की एका क्षणी गिटार आपल्या पट्टीत येऊन बसते.

काका गेल्यावर त्यांच्या स्पूलचं कामही मीच घेतलं. आधी त्या त्या गायक-वादकांच्या घरच्यांना विचारलं. बहुतेकांनी आनंदानं हो म्हटलं, दोघांनी नको म्हटलं, त्यांच्या मैफली त्यांच्याच घरी पाठवल्या. अडतंय ते माहितीपाशी. काकांनी डब्यांवर राग लिहिलाय, तारीख क्वचित, तबल्यावर कोण हे जवळजवळ कधीच नाही. त्या बैठकींना बसलेली दोन-तीन माणसं अजून आहेत. दर रविवारी त्यांच्यापैकी एकाकडे एक मैफल घेऊन जातो, ते ऐकतात आणि नावं सांगतात. मागच्या खेपेला एक आजी मध्येच ओरडल्या, “थांबव, ही वाहवा आमच्या ह्यांची!” ते नाव मी नोंदीत घातलं आहे.