स्टेपनी : एक स्त्रीलिंगी नाम

परभाषेतून मराठीत आलेल्या शब्दांचा विषय वर्गात निघाला की टेबल, पेन, इस्पितळ ही ठरावीक उदाहरणे दिली जातात. मी 'स्टेपनी' हा शब्द घेतो. मुले हसतात. ती का हसतात हे त्यांना ठाऊक असते आणि मलाही.

या शब्दाचे मूळ गाव वेल्समधील लानेली. तेथील स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंचे लोखंडी सामानाचे दुकान होते. त्या काळी मोटारीचे चाक सहजी सुटे होत नसे. पंक्चर झाले की रस्त्याच्या कडेला बसून टायर उचकटायचा, ट्यूब सांधायची, हाताने हवा भरायची. १९०४ च्या सुमारास या भावांनी आरे नसलेली, हवा भरलेल्या टायरची एक कडी तयार केली. पंक्चर झालेल्या चाकाला ती बाजूने आवळून बसवायची आणि गाडी पुढे न्यायची. या कडीला त्यांनी आपल्या रस्त्याचे नाव दिले. रस्त्याला ते मिळाले होते एका जमीनदार घराण्यावरून. पुढे सुटी होणारी चाके आली, डेव्हिस बंधूंची कडी मागे पडली आणि खुद्द ब्रिटनमध्ये हा शब्द बहुतेकांच्या विस्मरणात गेला. तो टिकला भारतात, माल्टात, आणि 'एस्तेपे' होऊन ब्राझीलमध्ये.

मराठीत त्याला जागा सहज मिळाली, कारण येथे ती वस्तूच नव्हती. बैलगाडीच्या चाकाला तुंबा होता, आरे होते, लोखंडी धाव होती, चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला कुणी होती; पण जादा चाक घेऊन कोणी घराबाहेर पडत नसे. ईकारान्त असल्यामुळे नवा शब्द गाडी, बंडी, दमणी यांच्या पंगतीत स्त्रीलिंगी होऊन बसला. तेथून लग्नाबाहेरच्या बाईला 'स्टेपनी' म्हणण्यापर्यंतचे अंतर फार नव्हते. मुलांच्या हसण्याचे मूळ हे. या वापरात बाईचा अपमान आहे हे सांगायला नकोच. पण ज्यांना ही वस्तू माहीत आहे त्यांना त्यातले अज्ञानही जाणवावे. नड भागेपर्यंत अडगळीत टाकावी आणि नड आली की ओढून काढावी, अशा समजुतीने जो स्टेपनी बाळगतो, त्याला ती ऐन वेळी दगा देते.

कारण न वापरलेले रबर नवे राहत नाही. ते उभ्या जागी म्हातारे होते. हवा हळूहळू उतरत जाते, आणि चार चाकांची हवा तपासणारा पंपावरचा मुलगा पाचव्याचे नाव आपण काढल्याशिवाय घेत नाही. टायरच्या कडेवर चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर एकदाही रस्त्याला लागलेला नसला, तरी दहा वर्षांपलीकडे वापरू नये, असे काही टायर कंपन्याच सांगतात.

आमची गाडी सात आसनांची, म्हणून स्टेपनी डिकीत नाही, पोटाखाली आहे. मागच्या दाराशी एक बूच आहे. ते काढून जॅकची दांडी आत सरकवायची आणि उलटी फिरवायची, की साखळीला टांगलेले चाक हळूहळू खाली येते. निदान यावे अशी अपेक्षा असते. उमरखेडच्या काळ्या मातीचा चिखल पावसाळाभर तेथे साचतो, वाळतो, साखळीला गंज धरतो. म्हणून पाऊस संपला की मी ते चाक एकदा खाली उतरवतो, धुतो, साखळीला ग्रीस लावतो आणि हवा भरून आणतो. हवा दोन-तीन पौंड जास्तच, कमी करणे केव्हाही सोपे. मुहूर्त बहुधा दसऱ्याच्या आदल्या दिवसाचा असतो. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ चढते, चारी चाकांना हळदकुंकू लागते. पाचवे त्या वेळी कोणाला दिसतही नाही. नट हातपान्याने सुटतात का, तेही त्याच दिवशी पाहावे. यंत्राने आवळलेले नट भल्याभल्यांना हलत नाहीत. आणि ते सैल करायचे ते गाडी जॅकवर चढवण्यापूर्वी, चाक जमिनीला टेकलेले असताना.

गेल्या वर्षी हे काम चालू असताना आमचे एक सहकारी आले होते. घड्याळी तासिका तत्त्वावर शिकवतात. नेट झाले त्याला पंधरा वर्षे उलटली. ज्याचा पेपर रिकामा पडेल तो यांच्याकडे : एका वर्षी भाषाविज्ञान, पुढच्या वर्षी संतसाहित्य, मध्येच प्रथम वर्षाचे उपयोजित मराठी. उन्हाळ्यात तास नाहीत, म्हणून मानधन नाही. स्टाफरूममध्ये त्यांना याच शब्दाने हाक मारणारे आहेत, आणि तेही हसून ओ देतात. मला ते हसणे वर्गातल्या हसण्यापेक्षा अधिक खुपते. टायरवरचे आकडे त्यांनी वाकून वाचले. म्हणाले, "सर, हे बरं आहे. आमच्यावर असं काही छापलेलं नसतं."

मी काही बोललो नाही. साखळी वर चढवताना त्यांनी हात दिला.

आता तर हे चाकच जाऊ लागले आहे. काही गाड्यांत ते अरुंद झाले : हवा जास्त, वेग ताशी ८० किलोमीटरपर्यंतच, जेमतेम दुकानापर्यंत पोचण्यापुरते. २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत स्टेपनी नसली तरी चालते. वजन वाचते, जागा वाचते. शहरात हे ठीकच आहे. पण त्या संचातील चिकट द्रावण खिळ्याचे भोक बुजवते, दगडाने कडेला फाटलेला टायर नाही. पैनगंगा अभयारण्याच्या अंगाला असलेल्या आमच्या तालुक्यातील बंदी भागात दगडही भरपूर आहेत, आणि रात्री पंक्चरवाला सापडेल याचा भरवसा नाही.

माझ्या मेहुण्यांनी परवा नवी गाडी घेतली. पेढे खाऊन झाल्यावर मी डिकीचा तळ उचलून पाहिला. खाली एक बाटली आणि हवेचा छोटा पंप. बिटरगावकडे जायचे असेल तेव्हा आमची गाडी न्या, एवढे त्यांना सांगून ठेवले आहे.