कथा अडते तेव्हा

कथा लिहिणाऱ्याला लोक नेहमी विचारतात, "हे तुम्हाला सुचते कसे?" खरे म्हणजे सुचणे सोपे असते. पहिली चार पाने झरझर होतात. पाचव्या पानावर मात्र कथानक असे अडून बसते की, पुढे रेटले तर खोटे वाटते आणि सोडून दिले तर चैन पडत नाही. आम्ही कामावरून आल्यावर, मुले निजल्यानंतर लिहायला बसतो. हाताशी जेमतेम तासभर असतो. अशा वेळी मोठ्या लेखकांचे अडणे आठवले की आम्हाला धीर येतो.

अमेरिकेतील मार्क ट्वेन यांचेच पाहा. १८७६ च्या उन्हाळ्यात त्यांनी 'हकलबेरी फिन' ही कादंबरी लिहायला घेतली. दारुड्या बापापासून पळालेला गोरा मुलगा हक आणि विकले जाण्याच्या भीतीने पळालेला काळा गुलाम जिम, असे दोघे मिसिसिपी नदीतून तराफ्यावर निघतात. केरो गावाशी ओहायो नदी येऊन मिळते. त्या नदीने वर गेले की गुलामगिरी नसलेली राज्ये लागतात. पण धुक्यात केरो मागे पडते आणि तराफा दक्षिणेकडे, गुलामगिरीच्या ऐन मुलखात वाहत जातो. आता स्वातंत्र्य मागणारा माणूस उलट्या दिशेने का जाईल?

सुमारे ४०० हस्तलिखित पाने झाल्यावर ट्वेन यांनी ते बाड बाजूला ठेवले. टाकीतले पाणी संपले की थांबावे, ती आपोआप भरते, असा त्यांचा अनुभव होता. काही वर्षांनी त्यांनी बाड पुन्हा काढले. १८८२ साली ते स्वतः मिसिसिपीवर प्रवास करून आले आणि १८८३ मध्ये कादंबरी पुरी झाली. मधला पेच त्यांनी दोन लबाड माणसे तराफ्यावर चढवून सोडवला. एक म्हणे राजा, दुसरा म्हणे ड्यूक! तराफा कोठे जायचा ते आता हे दोघे ठरवू लागले.

म्हणजे उपाय तीन झाले. थांबावे, कथेची जागा पुन्हा डोळ्यांनी पाहून यावी, नवे माणूस आणावे.

पण शेवटी काय होते? जिम कोंडला जातो, टॉम सॉयर त्याच्या सुटकेचा खेळ मांडतो, आणि मग कळते की मालकीण दोन महिन्यांपूर्वीच वारली आणि मृत्युपत्रात त्याला मुक्त करून गेली. गाठ सुटली खरी, पण जिमच्या हाताने नाही. हा शेवट अनेक जाणकारांना खटकला.

२०२४ साली पर्सिव्हल एव्हरेट या कृष्णवर्णीय लेखकाने 'जेम्स' ही कादंबरी लिहिली. तीच नदी, तोच तराफा, पण सांगणारा जिम. त्याला लिहिता-वाचता येते. त्याच्याजवळच्या पेन्सिलीच्या तुकड्यापायी दुसऱ्या एका गुलामाचा जीव जातो. येथे मृत्युपत्राची वाट कोणी पाहत नाही. या पुस्तकाला २०२५ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

यावरून आम्ही चौथा उपाय घेतला. ज्याचे दुःख आहे त्यालाच विचारावे. आमच्या वहीत एक विधवा सून दाराशी उभी आहे. दिराने खोलीवर हक्क सांगितला आहे. दिराला एकाएकी सुबुद्धी सुचवावी, की कोठून तरी दयाळू वकील आणावा? दोन्ही सोपे. आम्ही पेन खाली ठेवून तिलाच विचारले, "बाई, तू काय करशील?" ती म्हणाली, "भाड्याच्या पावत्या पिठाच्या डब्यात आहेत, त्या आधी काढते."

लगेच पान पुढे सरकले.

तुमच्याही घरात एखादी अर्धी राहिलेली वही असेल. ती रद्दीत घालू नका. त्यातल्या माणसाला एकदा विचारून पाहा.