दोन खोल्यांचे प्रकरण

बँकेतल्या कारकुनाला लोक काय काय समजतात, याची एकदा यादी केली पाहिजे. शहरात त्याला नोटा मोजायचं यंत्र समजतात, आणि यंत्र आल्यापासून तेही समजत नाहीत. खेड्यातल्या ब्रँचमध्ये मात्र तो वकील, कंपाउंडर आणि पोस्टमास्तर यांच्यामधली कुठली तरी रिकामी जागा भरून काढत असतो. माझ्या काउंटरवर पासबुकाबरोबर जावयाची पत्रं, सुनेचे रक्ताचे रिपोर्ट आणि कोर्टाची समन्सं येतात. मी बी.कॉम. आहे. डाव्या बाजूला डेबिट आणि उजव्या बाजूला क्रेडिट, एवढं एकच सत्य मी कॉलेजातून घरी आणलं आणि त्यावर वीस वर्षं नोकरी केली. पण सरकारी मराठी न अडखळता वाचतो अशी माझी पंचक्रोशीत ख्याती आहे. ख्याती म्हणजे काय, तर काम पुष्कळ आणि पगार तेवढाच.

२०२४ साली आम्ही कारकून राहिलो नाही, 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' झालो. खुर्ची तीच, पंखा तोच. त्याच सुमारास तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला आणि ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी. आमच्याकडचे शेतकरी या दोघांनाही पहिल्यापासून 'भाऊसाहेब' म्हणतात, त्यामुळे त्यांना या घडामोडीचा पत्ताच लागला नाही.

आमचा तालुका नाशिक जिल्ह्यातला, द्राक्षांचा. ऑक्टोबरात छाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडून मजुरांची कुटुंबं येतात. छाटणी, विरळणी, डिपिंग, मग काढणी, असं करत मार्चपर्यंत राहतात. कुठे राहतात हा प्रश्न आम्हांला कधी पडला नव्हता. कोणी ताडपत्रीखाली, कोणी पाचटाच्या झोपडीत, कोणी मोटरच्या खोलीत. त्यांच्या गावी सरकारी योजनेतलं पक्कं घरकुल असतं. त्याला सहा महिने कुलूप असतं आणि त्याची किल्ली इथे ताडपत्रीखाली, बाईच्या कनवटीला असते.

हा प्रश्न आम्हांला नाही, युरोपला पडला.

आमच्या गिऱ्हाइकांपैकी एक आप्पा. चार एकर बाग, माल हॉलंडला जातो. परदेशी माल पाठवायचा तर 'ग्लोबल गॅप' नावाचं एक प्रमाणपत्र लागतं. गेल्याच्या गेल्या डिसेंबरात त्याच्या तपासणीला पुण्याहून एक शर्ट खोचलेला मुलगा आला. त्याने फवारणीची वही पाहिली, औषधांची बिलं पाहिली आणि शेवटी विचारलं, "मजूर कसे राहतात?"

आप्पा म्हणाले, "मजेत राहतात."

"तसं नाही. बघू या का?"

बघितलं. दहा बाय दहाची मोटरची खोली. एका भिंतीला स्टार्टर, दुसरीला ठिबकचा फिल्टर, कोपऱ्यात खताच्या गोण्या, वर फळीवर औषधाच्या बाटल्या आणि खाली सुरगाण्याचं एक जोडपं, सहा वर्षांची मुलगी आणि एक तान्हं पोर. शेतीची लाईट बहुधा रात्रीची. दोन वाजता ती आली की स्टार्टर आपोआप खटकन पडे आणि पोर दचकून रडायला लागे. मोटर आणि पोर दोघंही मग पहाटेपर्यंत चालत.

आता गंमत पाहा. हीच द्राक्षं युरोपात उतरली की तिथले लोक त्यांच्यात औषधाचा अंश शोधतात. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच सूट. त्यापुढे एक कण गेला तर कंटेनर अडकतो. आणि ज्या हातांनी ते घड राखले, त्या हातांची भाकरी औषधाच्या फळीखाली थापली जात होती. तिला मर्यादा कोणी ठरवलेली नव्हती.

तपासणीवाल्याने शेरा मारला आणि सुधारणेला २८ दिवस दिले. आप्पांनी त्याच संध्याकाळी त्या कुटुंबाला आपल्या घराच्या पडवीत आणलं आणि औषधांच्या फळीला कपाट करून कुलूप लावलं. प्रमाणपत्र मिळालं. एखादा तिथेच थांबला असता. आप्पा थांबले नाहीत. डिसेंबरात आमच्याकडे पारा पाच अंशांच्या आसपास घुटमळतो, आणि पडवीत तो आणखी मोकळेपणाने घुटमळतो. शिवाय पडवीतल्या तान्ह्या पोराने आजीला, म्हणजे आप्पांच्या मातोश्रींना, चांगलाच लळा लावला होता. तिने सांगितलं, "आप्पा, पुढच्या साली हे लेकरू मोटरपाशी झोपलं तर मी बी तिथंच झोपणार." हा शेरा युरोपच्या शेऱ्याहून भारी पडला.

"साहेब," आप्पा काउंटरवर वाकून म्हणाले, "दोन खोल्या, एक मोरी, एक संडास. कर्ज नको. नुसती परवानगी काढून द्या."

कर्ज सोपं असतं हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

आम्ही आधी महसूलवाल्या भाऊसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "घर बांधायचंय ना? मग जमीन एन.ए. करा." म्हणजे बिगरशेती. शेतात राबणाऱ्या माणसाला शेतात ठेवायचं, तर आधी ते शेत नव्हेच असं सरकारला लिहून द्यायचं. आप्पा माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना घेऊन पंचायतीतल्या भाऊसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "गट गावठाणाबाहेर आहे, आमचा संबंध नाही. मात्र बांधलंत की घरपट्टी लावू. त्याला कुणाची परवानगी लागत नाही."

बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, "साहेब, मागल्या साली कांद्याची चाळ बांधली, तर सरकारनं वरून अनुदान दिलं. कांदा राहिला तर पैसे मिळतात. माणूस राहिला तर एन.ए. लागतं. मजुराला कांदा म्हणून दाखवता येईल का?"

मी त्या रात्री १९६६ चा जमीन महसूल कायदा घेऊन बसलो. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं असं, की स्वतःच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स तेरा वर्षं रखडलंय त्याला ह्यांना वेळ नाही. म्हणणं खरं आहे. पण सोसायटीच्या सभासदांना भेटण्यापेक्षा कायदा वाचणं केव्हाही सुखाचं. तर त्या कायद्याच्या ४१ व्या कलमात लिहिलंय की शेतजमिनीच्या धारकाला तिच्यावर शेतीच्या कामाची इमारत बांधता येते. आणि अशी इमारत म्हणजे काय, हे दुसऱ्या कलमातल्या व्याख्येत आहे: अवजारं, खत, चारा ठेवायची जागा, पीक साठवायची जागा, गुरांचा निवारा, आणि धारकाचं कुटुंब, नोकर किंवा कुळं यांना राहायची जागा. क्रम बघून घ्या. अवजारं, खत, चारा, धान्य, गुरं, आणि मग माणसं. पण आहेत! शेवटून का होईना, माणसं आहेत. शेतीतल्या नोकराचं घर म्हणजे शेतीच. त्याला एन.ए. नको. मी रात्री साडेअकराला आप्पांना फोन केला. आप्पा दचकून म्हणाले, "कोण गेलं?"

अर्थात कायद्यात एक ओळ गोड असली की पुढची ओळ तिचं उट्टं काढते. मोठ्या शहरांच्या आसपासचा पट्टा किंवा प्रादेशिक योजनेतला भाग असेल, तर ही शेतीची इमारतसुद्धा आधी परवानगी घेऊनच बांधावी लागते. आप्पांचा गट योजनेत निघाला, शेती विभागात. म्हणजे एन.ए. नको, परवानगी हवी. हा फरक मी दोन्ही भाऊसाहेबांना, कचेरीतल्या अव्वल कारकुनाला आणि शिपायाला समजावून सांगितला. शिपायाला पहिल्या झटक्यात कळला.

मग कागद. सात-बारा, आठ-अ, गटाचा नकाशा, चतुःसीमा, अर्जावर कोर्ट फीचं तिकीट. एवढं आम्हांला नवीन नाही, पीक कर्जाला आम्ही ह्याहून जास्त मागतो. अडलं ते सात-बाऱ्यावर. खातं सामायिक. आप्पांबरोबर पुण्याचा भाऊ आणि येवल्याला दिलेली बहीण. भावाने संमती दिली, वर विचारलं, "मजुरांच्या खोल्यांना एवढं कशाला? आपण फार्म हाऊसच काढू ना, शनिवार-रविवारला." बहिणीचं निराळं. संमतीपत्र म्हटल्यावर तिला हक्कसोडपत्राचा वास आला. अशा वासाने महाराष्ट्रात किती भाऊबिजा नासल्या असतील त्याची गणती नाही, आणि त्यातल्या पुष्कळ बहिणींचा संशय खरा होता हेही सांगायला पाहिजे. मी स्वतः येवल्याला गेलो. कागद दोनदा वाचून दाखवला. तिने तिसऱ्यांदा आपल्या मुलीकडून वाचून घेतला. मग सही करता करता म्हणाली, "कुणासाठी बांधतोय म्हणालात? मजुरांसाठी? आप्पा?" आणि बराच वेळ हसत बसली. सही जरा हलली आहे ती त्यामुळे.

नकाशाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तालुक्याच्या गावी एक इंजिनियर आहेत. शेतावरच्या इमारतीचे नकाशे काढण्यात त्यांचा हातखंडा. आजवर त्यांनी ते नाशिकच्या डॉक्टरांचे आणि बिल्डरांचे काढले होते. आम्ही सांगितलं, दोन खोल्या, नोकरांच्या राहण्यासाठी. आठ दिवसांनी नकाशा आला. पुढे पोर्च, त्याला दोन खांब, बाजूला सिट-आऊट, हॉल, किचन, आणि मागच्या बाजूला सात बाय सहाची एक खोली. तिच्यावर लिहिलं होतं, 'सर्व्हंट रूम'.

"हे काय?" मी विचारलं.

"साहेब, फार्म हाऊसला सर्व्हंट रूम लागतेच."

"पण हे घरच नोकराचं आहे."

इंजिनियर विचारात पडले. त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं की नोकराला नोकर असू नये हे त्यांना पटतंय, पण नकाशातली एक खोली कमी करायची म्हणजे जिवावर येतंय. शेवटी त्यांनी पोर्च काढला, सिट-आऊट काढला, हॉल दोन खोल्यांत वाटला आणि 'सर्व्हंट रूम'च्या जागी संडास-मोरी लिहिली. माप तेच ठेवलं. सात बाय सहा. आजपर्यंत तेवढ्यात त्यांनी माणूस बसवला होता.

यानंतर फाइल चालू लागली. चालू लागली म्हणजे महसूल कचेरीतून नगररचनेच्या अभिप्रायाला गेली, तिथून एका त्रुटीसाठी परत आली, पुन्हा गेली. त्रुटी एकच: 'सदर इमारतीचा प्रयोजनार्थ वापर स्पष्ट होत नाही.' मी उत्तर लिहिलं: 'सदर इमारतीत माणसे राहतील.' आमच्या ब्रँच मॅनेजरांना मसुदा दाखवला. ते म्हणाले, हे फार उघडं झालं. मग मी त्याचं, 'धारकाच्या शेतीकामाकरिता ठेवलेल्या नोकरांच्या निवासाचे प्रयोजनार्थ,' असं केलं आणि खाली कलमाचा आकडा टाकला. ह्या मराठीला त्रुटी निघत नाही. या काळात मी चार किरकोळ रजा खर्च केल्या. मॅनेजरांनी कारण विचारल्यावर 'कौटुंबिक' असं लिहिलं. कुणाचं कुटुंब ते रजेच्या अर्जात विचारत नाहीत.

परवानगी ऑगस्टात हातात पडली. आप्पांनी ती वाचली नाही, नुसती घडी करून टोपीत ठेवली. शेजारच्या बांधावरचे दोघे तिची झेरॉक्स मागून गेले. त्यांना खोल्या बांधायच्या होत्या की फार्म हाऊस, ते मी विचारलं नाही. कलमाचा आकडा मात्र मी दोघांनाही लिहून दिला, आणि सर्व्हंट रूमबद्दल सावध केलं. खोल्या सप्टेंबरअखेर उभ्या राहिल्या. वर पत्रा, खाली शहाबादी, खिडकीला जाळी. स्टार्टर पाचशे फूट लांब.

छाटणीला ते कुटुंब आलं तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. आप्पा होते, इंजिनियर होते, आजी खुर्ची टाकून बसली होती. नवरा पत्र्याकडे बघत राहिला. मुलगी आधी नळाकडे धावली. बाई मात्र दाराशीच थांबली. तिने दार पुढे केलं, मागे केलं, आणि फळीवर हात फिरवत काहीतरी शोधायला लागली.

"काय पाहिजे गं?" आप्पांनी विचारलं.

"आतून कडी हाय का, आप्पा?"

मोटरच्या खोलीला कडी बाहेरून होती. मोटरची खोली म्हटल्यावर आतून कशाला असेल? इंजिनियरांनी पुढे होऊन दाखवली. पितळी, वरच्या बाजूला. बाईने ती दोनदा सरकवून पाहिली. मग पोराला काखेत घेतलं, मुलीला आत ओढलं, नवऱ्यालाही खूण केली, आणि दार लावून घेतलं. आतून कडी पडल्याचा आवाज आला.

आप्पांना तपासणीसाठी खोलीचा आतून फोटो हवा होता. ते दाराशी गेले, हात वर केला आणि तसाच खाली घेतला.

"दुपारी काढू," ते म्हणाले. मग आम्ही आजीची खुर्ची उचलून त्यांच्या घरी चहाला गेलो.